मोटेचा नाडा

कऱ्हाटी, ता. ११ नोव्हेंबर १९५६

रावजीस,

ठमाबाईचा आशीर्वाद न्हाय, नुसता निरोप हाय. आशीर्वाद मागायला तोंड लागतं, ते तू वेशीबाहेर टाकून गेलास.

तुझं पत्र भिमा गाडीवानाकडनं पोचलं. पेरूच्या पाट्या भिगवण स्टेशनावर उतरवून आला आन कागद माझ्या हातात देऊन गपचूप बैल सोडायला गेला. घाबरला असंल. सगळं गाव घाबरतं मला, तुझ्या एकट्यापायी मी अशी झाले. वाचलं पत्र. चार यत्ता शिकले म्हणून वाचता आलं. तुला बापानं सात यत्ता शिकवल्या, त्याचं तू काय केलंस, तर राजाराणी ओळखायला शिकलास.

लिहितोस की, "अक्का, वर्ष होत आलं, पत्त्याला हात लावला नाही. रतनचं लग्न ठरतंय असं कळलं. मला येऊ दे. पोरीचा हात मी माझ्या हातानं देईन आणि लगेच परत जाईन."

कशाला रे? तुझ्या बायकोला, मुक्ताला ताप चढला तवा तुला बारामतीला औषध आणायला धाडलं होतं. तू बाजारात डावावर बसलास. औषध आलं, पर तिला पोचवून आमी आंघोळी करून बसलो होतो तवा आलं. बाटली तुझ्या हातात होती आन तू विचारत होतास, "हितं एवढी माणसं का जमलीत?" हे तू विसरला असशील. रतन विसरली न्हाय. ती तुझं नावसुद्धा काढत न्हाय.

आता तू म्हणशील, दवंडी मीच द्यायला सांगितली की. सांगितलीस, खरं हाय. माझे पाय धरलेस आन म्हणालास, "अक्का, माझ्यानं राहवत न्हाय, सगळ्या गावाला सांग, मला कुणी डावात घेऊ नगा, उसनं देऊ नगा." मग कोतवालानं दवंडी दिली. "घरात घेऊ नगा" एवढं मी माझ्या पदरचं घातलं. ऐकताना तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आन जेजुरीच्या खंडोबाचा बेलभंडारा उचलून तू काय बोललास तेही ध्यानात ठेव. "पुन्हा पानाला हात लावला तर लेकीचं तोंड बघणार न्हाय." ही शपथ कुणी तुझ्या गळ्यात बांधली न्हवती. तुझी तू घेतलीस.

तुझ्या त्या तात्याबा मुकादमाचं वाचून हसू आलं. तुमा हमालांची मजुरी तो हातात घेतो आन परस्पर वाण्याला देतो म्हणे. ज्याला डावाची ओढ लागंल त्यानं त्याच्याजवळ जाऊन बसायचं, घायपाताचा वाख घ्यायचा, आन ओढ जाईस्तवर दोर वळायचा. कुणी काय विचारायचं न्हाय. वा रे औषध. बायका वाती वळतात, तुमी बापे दोर वळा. तू पाठवलेला दोर मिळाला. इतका लांब की मोटेला नाडा म्हणून लावला. जेवढा लांब दोर तेवढी तुझी हाव, एवढं मला त्यातनं कळलं.

तरी मी काय राक्षसीण न्हाय. अट ऐक. चैतात गावची जत्रा हाय. देवळामागच्या पारावर तीनपानी रंगते, ते तुला सांगायला नगं. त्या पारावर समद्यांच्या देखत दिवस मावळेस्तवर बसायचं. हात लावला न्हाईस तर लग्नाला ये, पोरीचा हात दे. लावलास तर तुझी शपथ तुला लखलाभ. तवर रतनला भेटायचं न्हाय.

दिवाळीचा फराळ भिमाकडं देते. करंज्या हायत. डबा तळापातूर खा.

ठमाबाई


कऱ्हाटी, ता. २३ डिसेंबर १९५६

रावजीस,

डबा परत मिळाला. करंज्या खाल्ल्यास, आन त्याखालचा पत्त्याचा कॅट कागदात होता तसाच परत धाडलास. वर दोराचं आणिक एक वेटोळं ठेवलंस. मला शिकवतोस व्हय रे?

व्हय, मीच ठेवला कॅट. बघायचं होतं. चांदी घेताना माणूस वाजवून घेतो की न्हाय? तुला वाजवला. भिमा म्हणतो, तू कागद उलगडलास, बघितलंस, आन तात्याबाच्या शेडमधी जाऊन बसलास. हात कापत होते म्हणे. बरं वाटलं मला ऐकून. न्हाय, तू खेळला न्हाईस म्हणून न्हवं. हात कापत होते ह्याचं बरं वाटलं. माझेही लई दिवस कापलेत तुझ्यापायी.

पर ह्या तुझ्या न खेळण्यानं माझ्या दोन शेळ्या गेल्या. कशा गेल्या ते सांगते, उगं भिमाकडनं तिखटमीठ लावून कळायला नगं. विहिरीवर गेणबा भेटतो रोज. विहीर त्याची-माझी सामायिक, आठवड्याची पाण्याची पाळी वाटून घेतलेली, तुला ठाऊकच हाय. बोलता बोलता तो म्हणाला, "अक्का, रावजी सुधारला बरं का." मी म्हणाले, "कसला सुधारतोय, कॅट दिसला की झडप घालंल." तो म्हणाला, "लाव पैज." लावली. एवढंच.

आन हे तुझ्या जुगारात धरू नगंस. जुगार म्हंजे पानं, जुगार म्हंजे बारामतीच्या बाजारातली ती घाणेरडी खोली. पैज म्हंजे शब्द. आपला बापसुद्धा पैजा लावायचा, कुणाचा बैल आधी पाणी पिईल, कुणाच्या झाडाचा पेरू आधी पिकंल. गेणबाचा आन माझा टाईम जातो. विधवा बाईनं विहिरीच्या थारोळ्यावर बसून दुसरं काय करावं? तुला काय कळणार.

रतनच्या लग्नाची बोलणी इंदापूरकडच्या माणसांशी चालली हायत. माणसं शेतकरी, ऊसवाली. तुझं नाव निघालं तवा मी सांगितलं, बाप परगावी असतो. मेला म्हणून सांगणार होते, पर रतन दारात उभी होती.

ठमाबाई


कऱ्हाटी, ता. १७ फेब्रुवारी १९५७

रावज्या,

माझी नथ कुठं हाय ते विचारणारा तू कोण? भिमानं सांगितलं असंल. त्याची जीभ छाटली पायजे. लोकांच्या पेटीत काय हाय न काय न्हाय ते बघत हिंडतो.

नथ गेणबाच्या घरी हाय. त्याच्या म्हशीला रेडा व्हईल म्हणाले होते, रेडी झाली. आता नथ तशीही रतनला द्यायचीच होती, ती काय घालून मिरवणार होते मी? आणिक काय काय गेलं ते विचारू नगंस. जे गेलं ते माझं गेलं. तू मुक्ताचं घालवलंस. ह्या दोन्हीत फरक हाय, आन तो तुला कळत न्हाय म्हणूनच तू हमाली करतोस.

"अक्का, तुला सकाळी उठल्या उठल्या गेणबाची आठवण येते का?" असं लिहितोस. काय बोलणं रे हे थोरल्या बहिणीला? लाज वाटू दे. येते आठवण, पर ती गेणबाची न्हाय. काल काय हरले ते येतं डोळ्यापुढं, आन आज फेडून घेईन असं वाटतं. तुला तसं व्हायचं का? व्हत असंल. पर तुझं निराळं.

तुझा मुकादम म्हणतो ना, खरं काय ते बोलून टाकावं म्हंजे ओझं हलकं होतं. घे मग. जत्रेच्या दिवसावर मी गेणबाशी पैज लावली हाय. तू पारावर पान उचलशील ह्यावर मी लावली. तुझ्या बाजूनं न्हाय, तुझ्याविरुद्ध. शेळ्या, नथ आन त्यात गेलेलं बाकी समदं परत यायचं असंल तर तेवढंच मोठं कायतरी लावायला पायजे होतं. विहिरीतली माझी पाण्याची पाळी लावली. समदी. तू खेळलास तर माझं समदं परत. न्हाय खेळलास तर पाणी गेणबाचं आन बागेचं वाळवण.

हे कागदावर उतरवलं आन वाचलं, तर गेणबाच्या पायरीवर जाऊन म्हणावंसं वाटलं की मोडू या. गेले पण होते. तो म्हणाला, "मोडायची असंल तर मोड अक्का, मी हसणार न्हाय." तो हसणार न्हाय म्हणाला म्हणूनच मी मोडली न्हाय.

हे पत्र तुला धाडत न्हाय. तुला कळलं तर पैजेत मजा राहणार न्हाय. पेटीत ठेवते. तुला दुसरं धाडते, चार ओळींचं, जत्रेला वेळेवर ये म्हणून.

ठमाबाई


कऱ्हाटी, ता. १६ एप्रिल १९५७

रावजीस,

तू गेल्यापास्नं गावात दुसरा विषय न्हाय. बरं झालं, निदान तमाशाचा तंबू रिकामा राहिला न त्या लोकांची जिरली.

खरं सांगते, तुला ओळखलंच न्हाय आधी. दाढी केलेली, धुतलेला सदरा, काखंत वाखाची जुडी. समद्यांना रामराम घालून पारावर बसलास आन दोर वळायला लागलास. शेजारी डाव चाललाय, पोरं मुद्दाम पानं आपटतायत, "रावजीराव, एक हात बसा" म्हणतायत, आन तू आपला वळतोयस. मी समोर लिंबाच्या सावलीत गेणबाच्या बाजूला बसले होते. दुपार झाली तरी तू तसाच. गेणबा म्हणाला, "अक्का, हे पाणी माझ्या अंगाला लागणार न्हाय. अजून मोड." मी म्हणाले, "दिवस मावळू दे."

देवाला काय म्हणत होते सांगू? रावजीचा हात लागू दे, असं म्हणत होते. सख्ख्या भावासाठी.

मग तू पाणी प्यायला देवळामागं गेलास. आलास तवा हातात वाख न्हवता. सरळ डावात जाऊन बसलास. पानं वाटली. तू तुझ्या तीन पानांवर हात ठेवलास, ती उचलली न्हाईस, उलटी केली न्हाईस, तशीच मधी सरकवलीस. आन माझ्याकडं बघितलंस.

मी उठून वरडले, "बघा, खेळला. बघा, मी सांगितलं होतं." लोक हसले. समद्यात जास्त मी हसले.

तू उठून वेशीकडं चालू लागलास. रतन देवळाच्या दारात उभी होती, तुझ्या वाटंतच. तू डोक्याचं मुंडासं सोडून तोंडावर घेतलंस आन तिच्या बाजूनं तसाच गेलास. ती "दादा" म्हणाली. तू थांबला न्हाईस. शपथ पाळायची एवढी घाई एरवी कवा केली न्हाईस.

घरी आल्यावर रतननं सांगितलं. माझ्या पेटीतलं पत्र तिनं वाचलं होतं. देवळामागं तिनंच तुला गाठलं. तुझ्या पाठीशी उभी राहून बोलली म्हणे, तोंड दिसू नये म्हणून. "दादा, आत्यानं पाण्याची पाळी लावलीय तुमच्यावर. तुमी खेळू नगा. पाणी गेलं तर जाऊ दे, बाग वाळली तर वाळू दे. तुमी माझ्या लग्नाला या." असं सांगितलं पोरीनं. तरी तू खेळलास.

रतन म्हणते, तू माझं पाणी वाचवायला खेळलास. मी म्हणते, तुझा हात शिवशिवला. वर्षभर दाबलेलं उसळलं, बहिणीच्या पाण्याचं निमित्त मिळालं. असंच हाय ते. न बघता पान कोण सरकवतं, हे मला कुणी विचारायचं न्हाय.

शेळ्या परत आल्या. नथ परत आली. पाणी माझंच राहिलं. गेणबानं समदं आणून दारात ठेवलं आन चहासुद्धा घेतला न्हाय.

आता अट ती अट. लग्नाला यायचं न्हाय. आलास तर मांडवातनं उठवीन, आन ते मी करीन हे तुला ठाऊक हाय. तात्याबालाही सांग, त्याचा चेला नापास झाला म्हणून.

ठमाबाई


कऱ्हाटी, ता. १२ मे १९५७

रावजी,

लग्न झालं. तुला कळवायचं म्हणून कळवते.

पोरीचा हात गेणबानं आन त्याच्या बायकोनं दिला. दुसरं जोडपं मिळालं न्हाय अशातला भाग न्हाय, मीच त्याला सांगितलं. तुझा ज्यानं भरोसा धरला त्याच्याच हातानं दिलेला बरा असं वाटलं असंल मला, आता आठवत न्हाय. रतननं नथ घातली न्हाय. समोर धरली तर म्हणाली, "ती विहिरीत टाक." समद्यांच्या देखत म्हणाली. मांडवात मी पाणी वाढत होते तर तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाय.

पुढचं लिहायला बसले आन तीनदा उठले.

पाठवणीला आमी समदी वेशीपातूर गेलो. गाडीत बसली. गाडी हलली. गेणबा माझ्या शेजारी उभा होता, डोळे पुसत होता. मी म्हणाले, "वेशीच्या बाहेर गेली की मागं वळून बघंल." कुठलीही पोर बघते. मी बघितलं होतं, मुक्ता इकडं येताना तिच्या गावच्या वेशीत मागं बघून रडली होती. मी म्हणाले, "लाव पैज." तो म्हणाला, "अक्का, आज नगं. पोर जातीय." मी म्हणाले, "भितोस. पाण्याची पाळी लावते, त्यावर तुझं जे असंल ते." तो नगं नगं म्हणत होता. मी त्याचा हात धरून टाळी घेतली. त्याच्या हाताला हळद होती, माझ्याही.

ती वळली न्हाय, रावजी. कऱ्हेच्या पात्रात गाडी उतरली, पलीकडं चढली, आंब्यांच्या आड गेली. मी बोटांवर उभी राहून बघत होते. ती सरळ पुढं बघत होती. डोक्यावरचा पदरसुद्धा हलला न्हाय.

तिच्यासाठी मला रडू यायला पायजे होतं ना. मला विहीर आठवली आधी. आन गाडी दिसंनाशी झाली तरी मी गेणबाला म्हणत होते, "थांब, अजून एकदा लाव, माहेरी पयल्या सणाला येती का न्हाय त्यावर लाव." तो माझ्याकडं असा बघत होता, जसं मी तुझ्याकडं बघितलं होतं बारामतीस्नं आलास तवा, ती बाटली हातात घेऊन.

गेणबा पाणी घेत न्हवता. म्हणाला, "मला नगं, मी विसरतो." मी घ्यायला लावलं. हरले ते हरले, शब्द म्हंजे शब्द. मोट, नाडा, समदं उचलून त्याच्या खळ्यात टाकून आले. तू वळलेला नाडा होता, अजून एक धागा तुटला न्हवता. आता बागेत पानं गळायला लागली हायत, पेरू सुपारीएवढे होऊन गळतात. त्यासाठीच तू पान सरकवलं होतंस, लेकीचं तोंड गमावून. एका दुपारपुरतं वाचवलंस.

कोतवालाकडं गेले होते. म्हणाले, "दवंडी दे. ठमाबाईशी कुणी पैज लावू नये." तो आधी हसला, मग म्हणाला, "अक्का, बाईमाणसावर कुठं दवंडी असती का? लोक काय म्हणतील?" तुझ्यावर द्यायला त्याला कायच वाटलं न्हवतं. मलाही न्हवतं वाटलं.

माफी मागत न्हाय मी. माझा स्वभाव न्हाय, आन मागितली तरी तुला पोरगी दिसणार न्हाय, म्हंजे उपयोग न्हाय. फक्त एक काम कर.

भिमा मंगळवारी भिगवणला येतोय. त्याच्या हाती वाख दे, जेवढा देशील तेवढा. मोटेला न्हवं. मोट आता माझी न्हाय. सकाळी उठले की पाय गेणबाच्या घराकडं जातात, तवा हातात धरायला कायतरी पायजे. तात्याबाला माझं नाव सांगू नगंस. आन पीळ घालताना उजवीकडं फिरवायचा का डावीकडं, ते चिठ्ठीवर लिही. मी कवा वळला न्हाय.

तुझी अक्का